सायकल सहलीला निघताना

गेल्या जानेवारीत आमच्या वस्तीतले अकरा जण सायकलवरून अलिबागच्या बाजूला जाऊन आले. दोन दिवस, जाऊन-येऊन सुमारे शंभर किलोमीटर. एका सायकल मंडळाने काढलेली ही सहल होती. मुंबई-ठाण्याचे मिळून साठेक लोक होते, आणि त्यात वस्तीतून आलेले फक्त आम्ही. परतल्यावर विहाराच्या ओट्यावर रोज कोणी ना कोणी विचारू लागले, "आम्हाला जमेल का? आपली काळी सायकल चालेल का? मला शुगर आहे, गेलो तर काही होईल का?" प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा या पानावर एकदाच सविस्तर लिहावे असे ठरले. आमच्या गल्लीतल्या एक ताई सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत. औषधे आणि आजारांविषयी पुढे जे लिहिले आहे ते त्यांना दाखवून घेतले आहे. सहलीला त्या येऊ शकल्या नव्हत्या. त्या असत्या तर एक प्रसंग टळला असता, तो पुढे येईलच.

आधी सगळ्यात जास्त ऐकू आलेली शंका घेऊ. "दिवसभर राबतो, जिने चढतो, ओझी उचलतो, झाडू मारतो. आम्हाला आणखी व्यायाम कशाला?" आम्हीही असेच म्हणत होतो. पण कामावरचे कष्ट आणि मोकळ्या वेळातली हालचाल शरीराला सारखी नसते. डेन्मार्कमध्ये एक लाखाहून अधिक प्रौढांवर झालेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळले. ज्यांच्या कामातच कष्ट जास्त होते त्यांच्यात मात्र ते जास्त आढळले. संशोधकांनी याची काही संभाव्य कारणे मांडली आहेत आणि ती आपल्याला सहज पटतील. कामावर वेग आपण ठरवत नाही, मुकादम ठरवतो. दमलो म्हणून थांबता येत नाही. तेच स्नायू, तीच कंबर, आठ-दहा तास वाकलेली. रक्तदाब तासन्‌तास चढलेला राहतो आणि विश्रांती पुरेशी मिळत नाही. सायकलवर आपण हवे तेव्हा जोर लावतो, हवे तेव्हा सोडतो. हृदयाला ताण मिळतो आणि लगेच उसंतही मिळते. त्यामुळे कष्टाची सवय असलेले शरीर सायकलीसाठी आपोआप तयार असते असे समजू नये. आमच्यातले एक दादा गोदीत गोणी उचलतात. पहिल्या रविवारी बारा किलोमीटरवर त्यांच्या मांड्या भरून आल्या, आणि कारकुनी करणारा त्यांचा धाकटा भाऊ पुढे निघून गेला. त्यावरून घरात बरेच दिवस चेष्टा चालली.

दुसरी समजूत अशी, की या सहली म्हणजे महागड्या सायकली आणि घट्ट कपडेवाल्यांच्या शर्यती. शर्यत वेगळी आणि सहल वेगळी. सहलीत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेला रस्ता असतो, ठरलेले थांबे असतात आणि सगळ्यांच्या मागून एक गाडी येत असते. ज्याला जमत नाही त्याला सायकलीसह ती गाडी उचलून घेते. जगातल्या सर्वात नावाजलेल्या अशा सहलींपैकी एक अमेरिकेतल्या आयोवा राज्यात निघते. १९७३ साली तिथल्या एका वर्तमानपत्राच्या दोन पत्रकारांनी राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शेतमळ्यांच्या रस्त्यांनी सायकलवर जायचे ठरवले आणि वाचकांनाही बोलावले. आता दर जुलैत तिथे हजारो लोक आठवडाभर सायकल चालवतात. त्या पहिल्याच वर्षी क्लॅरन्स पिकार्ड नावाचे ८३ वर्षांचे गृहस्थ वापरलेली लेडीज सायकल घेऊन आले आणि त्यांनी राज्य पार केले. आपली काळी सायकल चालेल का, याचे उत्तर त्यात आले.

चालेल, पण तिच्याकडे आधी बघावे लागेल. काळ्या सायकलीला गिअर नसतात आणि वजन भरपूर असते. सपाटीवर ती छान पळते, चढावर दमवते. आमच्यातल्या चौघांनी काळ्याच नेल्या, बाकीच्यांनी उसन्या किंवा जुन्या घेतलेल्या गिअरच्या. निघण्याच्या पंधरा दिवस आधी सायकल नाक्यावरच्या सायकलवाल्याकडे नेऊन ब्रेकचे रबर बदलून घ्या, चेन साफ करून तेल सोडा, चाक वाकडे फिरत असेल तर स्पोक कसून घ्या. टायरला भेगा असतील तर तो टायर घरी ठेवा. आदल्या दिवशी दुरुस्ती करू नये. नवे बसवलेले काही ना काही पहिल्या वीस किलोमीटरमध्ये ढिले होतेच.

सीटची उंची ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, आणि वस्तीत सगळ्यात दुर्लक्षिलेली. गर्दीत पाय पटकन टेकावा म्हणून आपण सगळेच सीट खाली ठेवतो. नाक्यापर्यंत जायला ते ठीक आहे. पन्नास किलोमीटरमध्ये गुडघा वाकलेल्या अवस्थेत हजारो वेळा फिरतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागतो. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. या वेळी पाय सरळ व्हायला हवा. मग टाचेऐवजी पंज्याचा उंचवटा पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासाच वाक राहतो. तीच योग्य उंची. दोन-चार दिवस अवघडल्यासारखे वाटते, कारण थांबताना सीटवरून पुढे उतरावे लागते. गुडघ्याच्या मागच्या बाजूला ओढ बसू लागली तर सीट जरा जास्तच वर गेली आहे असे समजावे.

आता शरीराची तयारी. आम्ही सात आठवडे आधी सुरुवात केली. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, आणि रविवारी पहाटे एक लांबची फेरी. रविवारची पहिली फेरी दहा-बारा किलोमीटरची, मग दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत शेवटी पस्तीसपर्यंत. निघण्याच्या आधीचा आठवडा हलका ठेवला. ज्यांना वेगळा वेळ काढणे शक्य नव्हते त्यांनी कामावर सायकलने जायला सुरुवात केली, आणि हा मार्ग आम्हाला सर्वात चांगला वाटला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. जाऊन-येऊन अर्धा तास धरला तर पाच दिवसांत तेवढी होते. एक पथ्य मात्र पाळा. रात्रपाळी करून आल्यावर न झोपता सायकल घेऊन निघू नका. न झोपलेल्या माणसाची नजर आणि ब्रेकवरचा हात दोन्ही उशिरा चालतात.

वेग किती ठेवायचा? घड्याळ किंवा मोबाइलची गरज नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांतच धाप लागत असेल तर जोर कमी करा. गिअर असतील तर हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवा, जड गिअर रेटत बसू नका. गिअर नसतील तर चढावर उतरून सायकल हाताने ढकला. आम्ही ढकलली, आणि आमच्या मागोमाग महागड्या सायकलीवरून आलेले दोघेही उतरले.

आमच्यात चार महिला होत्या. त्यांपैकी दोघी सायकल शिकल्या त्याच मुळी या सहलीसाठी, वयाच्या पस्तिशीनंतर. लोक हसतील ही भीती पहिले आठ दिवस होती, म्हणून शिकवणी पहाटे पाचला बंद शाळेच्या मैदानात चालायची. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबरच खेड्यापाड्यांतल्या हजारो बाया सायकल शिकल्या होत्या, त्यात शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या. आमच्या दोघींना ही गोष्ट सांगितल्यावर त्यातली एक म्हणाली, "मग आम्हाला काय धाड भरलीय?" शिकताना सीट खाली ठेवा आणि पायडल काढून टाका. दोन्ही पायांनी जमीन ढकलत तोल साधला की पायडल लावायला दोन दिवस पुरतात. ओढणी किंवा पदर चाकात, चेनमध्ये जाऊन जबर अपघात होतात. ओढणी घरीच ठेवावी किंवा कमरेला घट्ट बांधावी.

आता तो प्रसंग.

नाव नोंदवताना मंडळाने एक फॉर्म दिला होता. त्यात एक रकाना होता, 'काही आजार किंवा चालू औषधे'. आमच्यातले एक काका, वय चोपन्न, गेली सहा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेतात. त्यांनी त्या रकान्यात 'नाही' लिहिले. आम्हाला ते माहीत होते आणि आम्ही गप्प राहिलो. त्यांना वाटले, खरे लिहिले तर घेणार नाहीत. आम्हालाही तेच वाटले. आधीच काळ्या सायकली घेऊन जाणार, त्यात आजारी माणूस आणला म्हणतील.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळच्या रो-रो बोटीने आम्ही सायकलींसह मांडव्याला उतरलो. काकांनी रोजच्या सवयीने सकाळीच गोळी घेतली होती. बोटीवर चहा आणि दोन बिस्किटे, एवढेच पोटात. मांडव्यापासून अलिबाग सुमारे वीस किलोमीटर. तिथे नाश्त्याला रांग होती, काका म्हणाले, "राहू दे, भूक नाही." अलिबागच्या पुढे नागाव, चौल असा नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जाणारा रस्ता लागतो. सावली असते, सपाटी असते, सगळेच खुशीत होते. चौल हे फार जुने बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत चेमुल म्हणून ज्या गावाचे नाव येते ते हेच, असे अभ्यासक मानतात. आम्ही त्यावरच बोलत चाललो होतो आणि काका काहीच बोलत नव्हते.

रेवदंड्याच्या पुढे कुंडलिका खाडीवर साळावचा पूल आहे. पुलावर ट्रक असतात. तिथे काकांची सायकल डावी-उजवीकडे जाऊ लागली. एक ताई त्यांच्या मागे होत्या, त्या ओरडल्या, "काका, थांबा!" काका चिडून म्हणाले, "मला काय झालंय? तुम्ही व्हा पुढे." काका असे कधीच कोणाशी बोलत नाहीत. त्या ताईंच्या आईला मधुमेह आहे, त्यांनी असे चिडणे घरी पाहिले होते. त्यांनी सायकल टाकली आणि काकांचे हँडल धरले. काकांचा शर्ट घामाने निथळत होता, जानेवारीच्या गार वाऱ्यात, आणि हात थरथरत होते. पूल ओलांडून त्यांना बाजूला बसवले. कोणाच्या तरी पिशवीत साखर होती. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी काका शांतपणे म्हणाले, "पूल कधी गेला?" त्यांना पुलावरचे काहीच आठवत नव्हते.

याला रक्तातली साखर घसरणे म्हणतात. आपल्याकडे मधुमेह म्हटले की साखर वाढण्याचीच भीती सांगितली जाते. पण इन्सुलिन घेणारे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेणारे यांना साखर उतरण्याचा धोका असतो. पाय चालू लागले की स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. त्याच वेळी गोळीही साखर उतरवत असते. वर पोट रिकामे. तिन्ही एकत्र आले की ७० च्या खाली यायला वेळ लागत नाही. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत असे सहसा होत नाही. पण आपण नेमके काय घेतो ते पाकिटावर वाचून दवाखान्यात विचारावे. पुष्कळ गोळ्यांत दोन औषधे एकत्र असतात.

लक्षणे ध्यानात ठेवा. अचानक घाम, थरथर, छातीत धडधड, जोराची भूक, मग चिडचिड, बोलण्यात गोंधळ, सायकल वाकडीतिकडी जाणे. अशा वेळी माणूस स्वतः "मी ठीक आहे" म्हणतो, म्हणून निर्णय सोबत्याने घ्यायचा. थांबवा, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटे थांबा, बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्या. बरे वाटल्यावर पोळी किंवा केळे खायला द्या, नाहीतर साखर परत उतरते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. दिवसभर सायकल चालवल्याचा परिणाम रात्री झोपेतही होऊ शकतो. म्हणून रात्रीचे जेवण चुकवू नये. दारू तर अजिबात नको, तिच्यामुळे यकृताकडून मिळणारी साखरही अडते. समुद्रकाठच्या मुक्कामी कोणाला मोह झाला तर त्याला हे वाचून दाखवा.

काका पुढे काशीदपर्यंत मागच्या गाडीतून आले. संध्याकाळी आमच्या परिचारिका ताईंना फोन केला. त्या आधी आम्हा सगळ्यांवर रागावल्या. मग त्यांनी काकांच्या डॉक्टरांशी बोलून दुसऱ्या दिवशीच्या गोळीचे काय करायचे ते विचारून सांगितले. डोस कमी करणे, वेळ बदलणे हे सहलीच्या आधीच डॉक्टरांनी ठरवायचे असते, आपल्या मनाने गोळी बंद करायची नसते. सहल काढणाऱ्या मंडळातल्या एका गृहस्थांना आम्ही रात्री खरे सांगितले. ते म्हणाले, "लिहिलं असतं तर काकांच्या मागे एक माणूस ठेवला असता आणि त्याच्या खिशात ग्लुकोज दिलं असतं. रकाना त्यासाठीच असतो." आम्ही सात आठवडे गुडघे, सीट, ब्रेक सगळे तपासले आणि एक शब्द खरा लिहायला कचरलो. एखादे मंडळ आजाराचे नाव वाचून खरेच नकार देईल, तेही घडू शकते. तरीही पुलावर ट्रकसमोर कळण्यापेक्षा फॉर्मवर कळलेले बरे.

मधुमेहाशिवाय आणखी काहींनी आधी दवाखान्यात विचारून घ्यावे. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब येतो, हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, रक्तदाब औषध घेऊनही आटोक्यात नाही, फिट येतात, क्षयाचे उपचार चालू आहेत, गर्भारपण आहे, अशांनी स्वतःच्या जिवावर ठरवू नये. चाळिशी ओलांडलेल्यांनी निदान रक्तदाब आणि साखर मोजून घ्यावी. रक्तदाबाची गोळी सहलीच्या दिवशीही चुकवायची नाही. सायकल चालवताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, न थांबणारी धाप यांपैकी काहीही झाले तर पित्त म्हणून सोडा पिऊन पुढे जाऊ नका. तिथेच थांबा आणि गाडी बोलवा.

सिकलसेलविषयी वेगळे सांगायला हवे, कारण विदर्भातून आलेल्या आपल्या अनेक घरांत तो आहे. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, म्हणजे तपासणीत 'एसएस' आले आहे, त्यांना पाणी कमी पडणे, अति श्रम आणि थंडी यांनी वेदनांचा झटका येऊ शकतो. लांबच्या सहलीचा निर्णय त्यांनी त्यांच्या डॉक्टरांबरोबरच घ्यावा. ज्यांच्यात फक्त वाहकपणा आहे, म्हणजे 'एएस', ते एरवी निरोगी असतात आणि सायकल चालवू शकतात. पण त्यांनीही एकदम जीव तोडून जोर लावू नये आणि तहानलेले राहू नये. तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या, सहलीला जा अथवा न जा.

आणि महिलांमधले रक्त. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला. आमच्यातली एक ताई तिसऱ्या आठवड्यातही दहा किलोमीटरवर दमत होती, आम्ही तिला 'आळशी' म्हणून मोकळे झालो होतो. तपासले तर हिमोग्लोबिन नऊ. बारा असायला हवे. ती गोळ्या घेते आहे, यंदा आली नाही, पुढच्या वेळी येईल.

खाण्यापिण्याचे फार अवघड नाही. निघण्यापूर्वी पोहे, उपमा, पोळीभाजी, जे रोजचे ते खावे. सहलीच्या दिवशी नवा पदार्थ पोटात घालू नये. मग तासाभराने एक केळे किंवा चिक्की किंवा शेंगदाण्याचा लाडू. पाणी तहान लागेपर्यंत थांबून गटागट पिऊ नये, पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यावेत. उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर लागते. नुसतेच पाणी खूप प्याल्यानेही अंगातले मीठ पातळ होते, डोके दुखते, मळमळते. म्हणून एक बाटली साध्या पाण्याची आणि एक मीठ-साखरेच्या पाण्याची ठेवावी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडू देऊ नका. मधुमेहींनी हे पाणी दवाखान्यात विचारून घ्यावे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरते आहे.

इथे एक गोष्ट पुरुषांच्या लक्षातच येत नाही. आमच्या चारही जणी पहिल्या दिवशी पाणी पीत नव्हत्या, कारण वाटेत जायचे कुठे? दुपारी दोघींचे डोके दुखत होते आणि एकीला नंतर लघवीला जळजळ झाली. तेव्हा नाव नोंदवतानाच विचारा, थांब्यावर बायकांसाठी शौचालय आहे का, कितव्या किलोमीटरवर आहे. पेट्रोल पंपावर पिण्याचे पाणी, टायरची हवा आणि शौचालय मोफत ठेवणे पंपचालकांवर बंधनकारक आहे. कुलूप असले तर किल्ली मागायची. आम्ही दोन ठिकाणी मागितली आणि मिळाली. पाळी असेल तर पॅड घासून जांघेत सोलवटते, थांब्यावर बदलावे आणि जागा कोरडी ठेवावी.

सोलवटण्याचा त्रास पुरुषांनाही होतो. आतल्या कपड्याची जाड शिवण सीटवर येऊ देऊ नये, निघताना खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावे. मुक्कामी पोहोचल्यावर ओल्या घामेजल्या कपड्यांत बसून गप्पा मारू नयेत, आधी अंघोळ. हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले तर तळव्याची नस हँडलवर दाबली जात आहे. दर दहा मिनिटांनी पकड बदला, कोपर किंचित वाकवा.

रस्त्यावर एकामागे एक, डाव्या कडेने. पुढच्याला खड्डा दिसला की तो ओरडतो "खड्डा!", मागचा तेच पुढे ओरडतो, असे शेवटपर्यंत. पहिल्या तासात लाज वाटते, मग सवय होते, आणि पोरे तर खड्डा नसतानाही ओरडू लागतात. साळावच्या पुढे कोर्लई, बोर्ली करत रस्ता कधी वर, कधी खाली जातो. उतारावर दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत या, एकदम पुढचा दाबू नका. हेल्मेट उसने चालेल, पण तडा गेलेले नको. कोर्लईच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात. तिथे सरबत पिताना आम्ही दोन म्हाताऱ्यांचे बोलणे ऐकत बसलो, एक अक्षर कळले नाही.

परतीच्या दिवशी पहाटे निघा. या किनाऱ्यावर हिवाळ्यात दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. जाताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर. आम्ही गप्पांत उशीर केला, आणि चौल ते अलिबाग हा सपाट रस्ता चढासारखा वाटला. अशा वेळी एकमेकांच्या मागे राहून, पुढचा माणूस थोड्या वेळाने बदलत चालवले तर वाऱ्याचा जोर वाटून घेता येतो. काका त्या दिवशी पूर्ण अंतर सायकलवर आले, खिशात साखरेच्या दोन पुड्या घेऊन, दर तासाला खात.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस मांड्या दुखतात, ते साहजिक आहे. थोडे चालत राहावे, गरम पाण्याने शेकावे. दुखते म्हणून वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, तहानलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला त्रास देतात. स्नायू टणक सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. सायकल गोड्या पाण्याने धुऊन कोरडी पुसा आणि चेनला पुन्हा तेल द्या. खाऱ्या हवेत ती आठवड्यात गंजते, आणि सोमवारी तिच्यावरूनच कामावर जायचे असते.